गुरुवारी धुतलेली गल्ली

आम्ही राहतो त्या गल्लीतली माणसं फार सभ्य आहेत, आणि ही माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे. जरा कमी सभ्य असती, कुणी मला तोंडावर चार शब्द सुनावले असते, तर गेल्या हिवाळ्यातला तो गुरुवार माझ्या डोक्यातून केव्हाच उतरला असता. कुणी काही बोललं नाही. त्यामुळे आजही दूध आणायला बाहेर पडले आणि वरच्या घराचं दार वाजलं, की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागते. पायात नाडी नसलेले बूट असले तरी.

बर्फ म्हणजे काय ते मला लंडनमधल्या क्रॉयडनने शिकवलं, अशी माझी समजूत होती. मी नागपूरची. सकाळी स्वेटर घालायचा आणि दुपारी काढून कमरेला बांधायचा, एवढं हिवाळ्याचं शिक्षण घेऊन या देशात आले. क्रॉयडनला दोन बोटं बर्फ पडला की ट्राम थांबायची, ट्रेन रद्द व्हायच्या, शाळेचा मेसेज यायचा आणि दुपारपर्यंत दुकानातला ब्रेड संपायचा. शहराला शत्रूचा वेढा पडल्यासारखं वातावरण. रस्त्यांवर मीठ टाकणारी लॉरी पहाटे कधीतरी येऊन जायची म्हणे. ती मी कधी पाहिली नाही, आणि ती काय टाकून जाते तेही कधी वाकून पाहिलं नाही. आम्ही गाजराचं नाक लावून एक ओबडधोबड माणूस उभा करायचो, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचो आणि ते भारतात पाठवायचो. मग नागपूरहून बाबांचा फोन यायचा, घरात तांदूळ-डाळ आहे ना?

पुढे नवऱ्याला विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही ब्रिस्टलला गेलो. ते शहर चढउतारांचं. तिथे बर्फ पडला की लोक गाड्या चढाच्या पायथ्याशी सोडून देत आणि शांतपणे चालत घरी जात. विद्यापीठातली पोरं बेकिंगचे ट्रे घेऊन उतारावर घसरायला येत. आपण मागे का राहायचं, म्हणून मी घरातली स्टीलची परात घेऊन गेले होते. परातीला आलेला पोचा अजून आहे. माझ्या कंबरेबद्दल इथे लिहीत नाही.

एवढ्या अनुभवावर मी स्वतःला बर्फातली जाणकार समजत होते. वॉटफर्डच्या मैत्रिणीला फोनवर सल्ले द्यायचे. आणि मग मागच्या उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला आलो, यॉर्कशरमध्ये, हॅलिफॅक्सच्या वर टेकडीला चिकटलेल्या एका गावात. लंडनमध्ये ज्या पैशांत गॅरेज येतं त्यात इथे दगडी घर आलं. गल्ली अरुंद, काळ्या दगडांची फरसबंदी आणि चढ असा की वाण्याकडून बटाटे आणताना मध्ये दोनदा थांबावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये गल्लीच्या तळाशी राहणाऱ्या बाई आमच्याकडे आल्या. उंच, करड्या केसांच्या, बोलायला मोकळ्या. हातात बर्फ ओढायचं एक मोठं फावडं. नव्या शेजाऱ्यांना लोक केक आणतात, या फावडं घेऊन आल्या. चहा पिता पिता त्यांनी गल्लीची रीत सांगितली. बर्फ पडला की ज्याने त्याने आपल्या दारासमोरचा तुकडा मोकळा करायचा, एक माणूस चालेल एवढी वाट. कोपऱ्यावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पिवळी पेटी आहे, तिच्यातलं मीठ वर टाकायचं. कौन्सिलची लॉरी फक्त खालच्या हमरस्त्यावर येते, आपल्या गल्लीत चढत नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तेही त्यांनी सांगितलं. आमच्या वरचं घर हे गल्लीतलं शेवटचं. तिथे एक वयस्क जोडपं राहतं. ते निवृत्त दंतवैद्य, त्या पियानो शिकवायच्या. बाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. हॉस्पिटलची गाडी सकाळी येते, पण गल्लीच्या तळाशी थांबते. तिथपर्यंत बाईंना चालत उतरावं लागतं, आणि ती वाट आपल्या सगळ्यांच्या दारांवरून जाते.

मी फार गंभीर चेहरा करून मान डोलावली. फावडं जिन्याखालच्या कपाटात गणपतीच्या मखरामागे ठेवलं. नवरा म्हणाला, एवढा कौन्सिल टॅक्स भरतो आपण, वेळ आली की ते बघतील. मला ते पटलं, कारण फावडं जड होतं.

डिसेंबरात एका सोमवारी बर्फ पडायला लागला तो मंगळवार दुपारपर्यंत पडत होता. क्रॉयडनचा बर्फ म्हणजे केकवर भुरभुरवलेली साखर. हा वेगळा होता. वारा तो आडवा आणत होता आणि भिंतीच्या एका बाजूला गुडघ्यापर्यंत रचत होता. डोंगरातला हमरस्ता बंद झाला. मंगळवारी हॉस्पिटलची गाडी आलीच नाही. बुधवारी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून बर्फ काढला. आम्ही दोघं तेव्हा लीड्सला ऑफिसात होतो. जाताना आमच्या ट्रेनचं काय होणार याचीच मला काळजी. अंधार पडल्यावर घरी आलो तर आमच्या दारासमोरही वाट मोकळी केलेली. नवरा म्हणाला, बघ, मी म्हटलं नव्हतं? कौन्सिलनेच केलं असणार. आम्ही समाधानाने खिचडी खाऊन झोपलो.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. मी तशी फार देवाधर्माची नाही, पण पुण्याला सासूबाई आहेत आणि सासूबाईंकडे व्हिडिओ कॉल आहे. मार्गशीर्षातल्या प्रत्येक गुरुवारी त्यांना आमचा घट दाखवावा लागतो, आणि त्याआधी उंबरठा. लक्ष्मी येते ती दारातून, म्हणून दार आधी बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नाही. लहानपणापासून मीही हेच पाहिलं, की सणावारी उजाडायच्या आत दारापुढची जागा धुवायची, मग रांगोळी. आमच्या माहेरी तर पाणी फिरल्याशिवाय कुठलीच गोष्ट स्वच्छ झाली असं कुणी मानत नसे. झाडलेलं चालत नाही, पुसलेलं चालत नाही. बादलीभर पाणी ओतून ते खराट्याने लोटत रस्त्यापर्यंत नेलं की आईचा जीव शांत व्हायचा.

तर मी पहाटे दार उघडलं आणि दिव्याच्या उजेडात काय बघते? आमच्या दारासमोरच्या दगडांवर लालसर माती. ओली, खरखरीत, मुरमासारखी, पायरीपर्यंत पसरलेली. आणि आज गुरुवार. मला वाटलं कुणाकडे तरी बांधकाम चालू आहे आणि त्यांनी आमच्या दारात घाण सांडली आहे. मनातल्या मनात त्या अज्ञात माणसाला मी जे बोलले ते व्रताच्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं.

केटल लावली. एक केटल, दुसरी केटल, मग सरळ गीझरचं गरम पाणी बादलीत. पायरी धुतली, पायरीखालचे दगड धुतले, मागच्या अंगणातला ताठ केसांचा ब्रश आणून खसाखसा घासलं आणि ते लाल पाणी लोटत लोटत गल्लीच्या उतारावर सोडून दिलं. वाफा येत होत्या. काळे दगड काय सुंदर दिसत होते. बर्फाने भरलेल्या गल्लीत आमचं तेवढं दार असं लखलखत होतं. पायरीवर रांगोळी काढली, चार ठिपक्यांची साधीच, आणि सासूबाईंना कॉल लावला. पुण्यात त्यांची पूजा, फराळ सगळं आटोपलं होतं. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, एवढ्या थंडीत तू धुतलंस, कौतुक आहे हो. सासूबाईंकडून कौतुक हा शब्द मी लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा ऐकत होते. मी फोटो काढून वॉटफर्डच्या मैत्रिणीलाही पाठवला.

मग चहा घेऊन लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगला बसले. क्रॉयडनची मॅनेजर म्हणाली, आमच्याकडे थोडा पडलाय, त्यामुळे आज ऑफिस बंद, सगळ्यांनी काळजी घ्या. तिच्या मागच्या खिडकीत मला हिरवं गवत दिसत होतं. अॅबरडीनचा सहकारी होता, वर स्कॉटलंडमधला, त्याची खिडकी अर्धी पांढरी. तो म्हणाला, सकाळी उठून कोंबड्यांपर्यंत वाट खणली, आता पोरांना शाळेत सोडायचं, बाकी विशेष काही नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे उत्तरेला आम्हीही आपापलं दार स्वतः साफ करतो, मी आत्ताच करून आले. अॅबरडीनवाला म्हणाला, शाब्बास.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. कणकेचा मोठा गोळा ओट्यावर आपटावा तसा.

मी दार उघडलं. वरच्या घराचे आजोबा आमच्या पायरीसमोर जमिनीवर बसले होते. पाय सरळ पसरलेले, टोपी तिरकी, एक हात छातीशी धरलेला. मला पाहून ते म्हणाले, "मॉर्निंग, लव्ह." इथे सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात. माझ्या नवऱ्यालाही हे आजोबा लव्ह म्हणतात, आणि तो अजून दचकतो.

मी धावत बाहेर येणार होते. एक पाऊल टाकलं आणि चौकटीला लोंबकळले. दगडांवर काच होती. स्वच्छ, पातळ, आरपार दिसणारी, उतारावर खालच्या दोन घरांच्या दारांपर्यंत पसरलेली. आजूबाजूच्या बर्फात पाय रोवता आला असता. माझ्या धुतलेल्या जागेवर मांजर उभं राहिलं नसतं.

आजोबांनी हातमोज्याने दगडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं, मग रांगोळीकडे, मग दाराशी राहिलेल्या बादलीकडे. विचारलं, तुम्ही हे धुतलंत का?

मी हो म्हटलं.

"छान झालंय," ते म्हणाले. आणि मग, जणू आपणच मला आधी सांगायला हवं होतं अशा आवाजात, "ते लाल होतं ना, ते मीठ होतं, लव्ह. तुम्ही उशिरा येता म्हणून मी काल तुमच्या दारातही टाकून ठेवलं. पेटीतलं शेवटचं होतं."

माणसाला शरमेने घाम फुटतो हे मी वाचलं होतं. उणे तापमानात फुटतो हे तेव्हा कळलं.

ते बाहेर आले होते वाट कशी आहे ते तपासायला. बाईंना बाहेर काढायच्या आधी ते एकदा स्वतः चालून बघतात. बाई आत दारामागे खुर्चीवर कोट घालून तयार बसल्या होत्या. मंगळवार चुकलेला. शरीरातलं पाणी बाहेर जायला दुसरा मार्ग नाही, त्यामुळे दोन रात्री त्यांना आडवं होता आलं नव्हतं, बसूनच झोपत होत्या. आजचा दिवस चुकला तर पुढची पाळी शनिवारी, आणि शनिवारपर्यंत थांबणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. गाडी पावणेनऊला येणार होती. तिच्यात आणखी दोन पेशंट बसलेले असतात, ती थांबून राहू शकत नाही. हे सगळं आजोबांनी मला बसल्या जागेवरून, न चिडता, हवामान सांगावं तसं सांगितलं. सव्वाआठ वाजून गेले होते.

नवऱ्याने त्यांना काखेत धरून आमच्या पायरीवर बसवलं. मनगट सुजायला लागलं होतं. मी स्वयंपाकघरात पळाले, मिठाची बरणी आणली आणि ओतली. बरणीभर मीठ, मग सैंधव, मग उपासाच्या डब्यातलंही. त्या काचेवर ते चिमूटभर दिसत होतं. मग मला वाटलं रांगोळी तरी दगडाची भुकटीच आहे, खरखरीत असते, पाय धरेल. पुण्याहून सामानात आणलेली सगळी पिशवी उलटी केली. ती इतकी बारीक होती की ओल धरून तिची पिठाची कांजी झाली आणि जागा आधीपेक्षा निसरडी झाली. नवरा पेटीत काही उरलंय का बघतो म्हणून निघाला आणि चालण्याऐवजी बसून, दोन दारं पार करून, खालच्या बाईंच्या फाटकाला जाऊन थडकला.

त्यामुळे फाटकातून त्या बाई बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं. मी काय केलंय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, माझ्या हातात रांगोळीची रिकामी पिशवी होती आणि कोपरापर्यंत मी पांढरी झाले होते. त्या एवढंच म्हणाल्या, राइट. आत जाऊन त्यांनी शेगडीतली राख आणली. ती त्यांच्या दारापुरती पुरली. मग त्यांनी दारं वाजवायला सुरुवात केली, आणि दारांतून माणसं जुने गालिचे घेऊन बाहेर यायला लागली. कुणी पायपुसणं, कुणी गाडीतल्या रबरी चटया, एका घरातून बाथरूममधली गुलाबी मॅट. खालून वर एक एक तुकडा जोडत ते आमच्या दाराकडे येत होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी माझ्याकडे रोखून बघत नव्हतं. एका गृहस्थांनी तर जाता जाता मला थंडी वाजत असेल म्हणून आत जाऊन कोट घालायला सांगितलं.

खालून आलेले गालिचे आमच्या दारापर्यंत येईतो संपले. राहिला होता माझाच तुकडा. आमच्याकडे गालिचा नाही, सगळीकडे लाकडी फरशी, का तर पुसायला बरी पडते. मी चटई टाकून पाहिली, ती माझ्यासकट चार फूट खाली गेली.

या गडबडीत सासूबाईंचा पुन्हा कॉल आला, घट मांडला का बघायला. मुलीने उचलला. ती पंधरा वर्षांची, जन्म इथला. तिने दारात उभं राहून आजीला सगळा हिशेब दिला. "आजी, आईने बाहेर खूप पाणी टाकला, आणि ती सगळा आइस झाली, आणि ग्रॅनीला हॉस्पिटलला जायचाय तर ती जाऊच शकत नाही." माझी अब्रू इतक्या थोडक्यात कधी कुणी मांडली नव्हती.

सकाळचं कौतुक मागे घेतलं जाणार म्हणून मी तयारीत होते.

"गोधड्या किती आहेत घरात?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन. पण आई, त्या तुम्ही..."

"मग बघत काय उभी राहिलीस?"

त्या दोन गोधड्या म्हणजे काय ते सांगायला हवं. सासूबाईंनी एक आपल्या जुन्या लुगड्यांची आणि एक त्यांच्या आईच्या नऊवारीची शिवलेली. एक वर्ष लागलं होतं त्यांना, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधीचं. आमच्याकडे त्या पाहुण्यांनाही पांघरायला देत नाहीत. मुलगी लहान असताना तिने त्यावर उडी मारली तर सासूबाई म्हणायच्या, पाय नको लावूस, ती माझी आई आहे. मी त्या कपाटातून काढल्या आणि दारापुढे पसरल्या. फोनमधून सूचना येत होत्या, उलटी घाल, गाठींची बाजू वर ठेव, कडा बर्फाखाली दाब. ओल लागताच गोधडी दगडाला चिकटली. मी तिच्यावर उभी राहिले. पाय सरकला नाही.

वरच्या दारातून बाई बाहेर आल्या. मी त्यांना जवळून तेव्हाच नीट पाहिलं. लहानखुऱ्या, चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले, दोन शब्दांत एकदा श्वास घ्यावा लागत होता. आजोबांचा हात जायबंदी म्हणून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवरा. त्यांच्या दाराकडची वाट ठीक होती, ती आजोबांनी स्वतः केलेली. मग आमचं दार आलं, आणि बाई थांबल्या.

खाली हमरस्त्यावर गाडी आलेली दिसत होती. ड्रायव्हर बाहेर उभा राहून वर बघत होता.

बाई गोधडीकडे बघत होत्या. त्यांनी एकेक टाका बघितला असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "हे कुणीतरी हाताने शिवलंय. मी यावर पाय नाही ठेवू शकत."

मी म्हटलं, ठेवा. त्या म्हणाल्या, निदान बूट काढते. पाय इतके सुजले होते की बूट काढले असते तर पुन्हा चढले नसते. नवरा म्हणाला, आमच्या आईनेच सांगितलंय. मुलीने फोन पुढे केला. त्यात सासूबाई हात हलवून पुढे चला, पुढे चला करत होत्या, बसचे कंडक्टर करतात तसं. बाईंनी फोनकडे बघून मान लववली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मी त्यांचे पाय धरून माफी मागितली असती. त्यांच्या नजरेत संकोच होता. माझ्या मूर्खपणाची भरपाई म्हणून दुसऱ्या कुणाची तरी एवढी मोलाची वस्तू तुडवावी लागतेय, याचा संकोच. तो त्यांना वाटत होता. मला नाही, त्यांना.

"प्लीज," मी म्हटलं.

त्यांनी पाय ठेवला. नवरा पुटपुटत होता, डावा, आता उजवा, आता डावा. गोधडी संपली, रबरी चटया आल्या, गुलाबी मॅट आली, राख आली. दोन्ही बाजूंना दारांत माणसं उभी होती. आमच्याकडे लग्नात वरमाईसाठी पायघड्या घालतात, त्यांत इतका जीव कुणाचा टांगलेला मी पाहिला नाही. गाडीत बसल्यावर बाईंनी काच खाली केली आणि सगळ्यांना थँक यू म्हटलं. सगळ्यांत मीही आले. ते मला सर्वांत जास्त लागलं.

मग लोकांनी आपापले गालिचे झटकले, गुंडाळले आणि ते आत गेले. खालच्या बाई आजोबांना गाडीत घालून मनगट दाखवायला घेऊन गेल्या. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. मी गल्लीत एकटी उभी, बोलणी खायच्या तयारीत. ऐकवायला कुणी उरलं नव्हतं.

ऑफिसला मेसेज केला की आज जमणार नाही. मॅनेजरने उलट लिहिलं, स्नो डे ना, समजू शकते, एन्जॉय करा. मग मी गोधड्या दगडावरून सोडवून आत वाळत टाकल्या, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि गुडघे टेकून बर्फ फोडायला बसले. बत्त्याने बर्फ फुटतो, पण वाटीएवढा. जिन्याखालचं फावडं काढून नवरा तुकडे बाजूला ओढत होता. दुपारी मुलीने विचारलं, आई, इंडियात पण सगळे असंच पाणी टाकतात? मी हो म्हटलं. मग तिकडे का नाही पडत कुणी, असं तिने विचारलं, आणि मी बत्ता जरा जोरात हाणला.

मधल्या वेळेत मी आणखी एक शहाणपण केलं. रिकाम्या हाताने माफी कशी मागायची म्हणून पूजेची फळं ताटात मांडून वरच्या घरी नेली. केळी, संत्री, खजूर. आजोबांनी पट्टी बांधलेल्या हाताने दार उघडलं. ताट पाहून त्यांचा चेहरा फार हळुवार झाला. किडनीच्या पेशंटला नेमकं काय काय वर्ज्य असतं, हे त्यांनी मला दारात उभं राहून सांगितलं. केळी पहिली. संत्री दुसरी. मग म्हणाले, तिला यातलं एकही चालत नाही, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मला सगळं चालतं. आणि माझ्यासमोर एक खजूर खाल्ला. मी जी माफी पाठ करून गेले होते ती तोंडातच राहिली.

अंधार पडता पडता गाडी परत आली. तोवर आमच्या दारापासून खालपर्यंत दगड कोरडे केले होते. दुपारी हमरस्त्यावर कौन्सिलची लॉरी येऊन गेली होती आणि पेटी पुन्हा भरली होती. नवऱ्याने बादल्या भरभरून ते लाल मीठ वाहिलं आणि मी दोन्ही हातांनी टाकलं, हातमोजे न घालता.

मी खाली जाऊन उभी राहिले. बाई उतरल्या. सकाळची सूज बरीच ओसरली होती, पण आतून पिळून काढल्यासारख्या दिसत होत्या. डायलिसिसनंतर असंच होतं म्हणे. मी हात पुढे करावा की नाही या विचारात होते. सकाळी ज्या बाईने तुमची वाट काचेची केली तिचा हात तुम्ही का धराल? मी दोन पावलं मागेच राहिले.

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि न विचारता माझ्या कोपरात हात घातला. सगळं वजन टाकलं. लहानखुऱ्या असूनही ते वजन चांगलंच होतं. आम्ही चढायला लागलो. त्या मध्ये थांबायच्या, मी थांबायचे. मी खाली बघून एकेक दगड पायाने चाचपत होते. त्या समोर बघत होत्या, पायांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. आमचं दार आलं तेव्हा मी पाऊल आणखी आखडलं. त्या तिथूनही तशाच चालत गेल्या.

मी तेवढ्यात म्हणून घेतलं, सकाळबद्दल मला फार...

"हळू, लव्ह," त्या म्हणाल्या. "मला चढताना बोलता येत नाही."

म्हणजे मलाही बोलता येईना. वरच्या दारात आजोबा उभे होते. त्यांनी चांगल्या हाताने बाईंना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा दारापाशी आले. मला वाटलं, आता. आता काहीतरी म्हणतील, आणि मी मोकळी होईन.

त्यांनी आपलं पट्टी बांधलेलं मनगट थोडं वर उचलून दाखवलं, जणू त्याचीच चूक होती.

"शनिवारी पावणेनऊला," ते म्हणाले. "तुम्हाला जमेल का तिला घेऊन उतरायला?"